जुनी पाणी योजना: सगळं बदलायचं की निवडून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 'ब' वर्ग नगरपरिषद, साठ हजारांच्या आसपास वस्ती, योजना १९८२ सालची. नदीवरच्या जॅकवेलपासून (पाणी उचलायची विहीर) शुद्धीकरण केंद्रापर्यंत अकरा किलोमीटरची ४५० मिलीमीटरची पीएससी (ताणलेल्या तारांच्या काँक्रीटची) दाबनलिका, म्हणजे पंपाचं पाणी दाबाने नेणारी मुख्य वाहिनी. गावात ८४ किलोमीटरचं जाळं, त्यातलं निम्मं एसी (अॅस्बेस्टॉस सिमेंट), जुन्या पेठांत बीड (ओतीव लोखंड), मागाहून वाढलेल्या वसाहतींत पीव्हीसी. पाणी एक दिवसाआड. सल्लागाराने 'सगळं जाळं बदला' असा प्रकल्प अहवाल हातात दिला आहे, अध्यक्षांना आणखी एक उंच टाकी हवी आहे आणि मुख्याधिकारी विचारतात, अनुदान आलंच नाही तर काय? अशात सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवं आहे.

सगळं बदलू नका, हे माझं पहिलं उत्तर. पैसे मिळाले तरी नको. आधी दाबनलिका सुरक्षित करा, मग घरजोडण्या, मग जाळ्यातले नेमके सडलेले तुकडे. टाकीचं सगळ्यात शेवटी बघू. आता यामागची कारणं सांगतो, कारण सभागृहात तुम्हाला ती सांगावी लागतील.

योजना चाळीस वर्षांची झाली म्हणून ती संपली, हा हिशेब कागदावर सोपा वाटतो. सल्लागार सीपीएचईईओच्या (पाणीपुरवठ्याचे निकष ठरवणारी केंद्राची तांत्रिक संस्था) मॅन्युअलमधलं कोष्टक दाखवतात: वितरण व्यवस्था ३० वर्षं, दाबनलिका ३० वर्षं, पंप १५ वर्षं. पण ती वर्षं 'संकल्पन काळ' आहेत. पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरून व्यास काढा, एवढाच त्यांचा अर्थ. एकतिसाव्या वर्षी पाइप फेकून द्या असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. शिशाच्या जोडांचा जाड बीडाचा पाइप मुरमाड जमिनीत ऐंशी वर्षं मुकाट्याने पाणी वाहतो, आणि घाईत, खाली वाळू न घालता, काळ्या मातीत दाबलेला पीव्हीसी दहा वर्षांत वैताग आणतो. तुमच्या गावातही सगळ्यात जास्त फुटणारी लाइन बहुधा सगळ्यात जुनी नसेल. तपासून बघा.

मुंबईतलं मलबार हिलच्या जलाशयाचं प्रकरण या बाबतीत शिकण्यासारखं आहे. हँगिंग गार्डनखालचा हा जलाशय १८८७ च्या सुमाराचा, क्षमता जवळपास १४.७ कोटी लिटर. जुना झाला म्हणून तो पाडून नवा बांधायचा सुमारे ६९८ कोटींचा प्रस्ताव झाला. शेकडो झाडं जाणार म्हटल्यावर नागरिकांनी हरकत घेतली, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक असलेली समिती नेमली गेली. जलाशयात कप्पे असल्यामुळे एकेक रिकामा करून आत उतरून पाहता आलं. दुरुस्तीने भागतं, पाडायची गरज नाही, असं प्राध्यापकांचं मत पडलं आणि पुनर्बांधणीचा बेत मागे पडला. आत उतरून बघण्याचा खर्च ६९८ कोटींच्या मानाने काहीच नव्हता. आपल्याकडे नेमकी हीच पायरी गाळली जाते, कारण अंदाजपत्रकाच्या टक्केवारीवर मेहनताना घेणाऱ्याला ती सोयीची नसते. सगळे सल्लागार तसे नसतात, पण तुमच्या करारात मेहनताना कसा ठरलाय ते एकदा वाचा.

तेव्हा आत उतरा. तुमच्याकडे जलाशय नाही, पाइप आहेत. आणि पाइपांत उतरायचं ते फुटीच्या नोंदवहीतून.

ती वही तुमच्याकडे नसणार हे मी गृहीत धरतो. असली तर त्यात 'अमुक गल्लीत लिकेज काढले' एवढंच असेल. ती आजपासून नीट सुरू करा. तारीख, ठिकाण, व्यास, पाइप कशाचा, खोली, माती कसली, पाणी किती तास बंद राहिलं, किती घरांचं राहिलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाइप कसा फुटला. फिटरला मोबाइलवर दोन फोटो काढायला सांगा: एक खड्ड्याचा, एक पाइपचा. चौथा रकाना भरायला तो कंटाळेल, फोटोला नाही कंटाळणार.

कसा फुटला यावरून का फुटला ते कळतं. बांगडीसारखी गोल चीर गेली असेल तर जमीन हललेली असते. काळ्या मातीच्या गावांत उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात अशा चिरा ओळीने येतात. पाइप लांबीत उभा फाटला असेल तर दाब किंवा पाण्याचा धक्का. भोक पडलं असेल तर गंज. जोड गळत असेल तर वरून जाणारी वाहनं किंवा शिसं ढिलं झालेलं. चारही ठिकाणी 'पाइप बदला' हे उत्तर नाही. जोडाला क्लॅम्प पुरतो, धक्क्याला पंपघरात उपाय करावा लागतो, काळ्या मातीत नवा पाइप टाकला तरी खाली-वर वाळू भरली नाही तर तोही तसाच जाईल.

मागच्या पाच वर्षांचं काय? ती माहिती दोन ठिकाणी असते. एक, दुरुस्तीच्या बिलांत आणि साहित्य भांडारातून उचललेल्या क्लॅम्प-कॉलरच्या नोंदींत. दोन, व्हॉल्व्हमनच्या डोक्यात. जुन्यातला जुना व्हॉल्व्हमन, निवृत्त झाला असला तरी, घरून बोलवा. चहा पाजा, गावाचा मोठा नकाशा टेबलावर पसरा आणि लाल पेन्सिल त्याच्या हातात द्या. कुठली लाइन कुठून कुठे जाते, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गेला, कुठल्या चौकात तीन वेळा खणलं, हे तो तासाभरात काढून देतो. जीआयएसवाल्या (संगणकीय नकाशे करणाऱ्या) एजन्सीने जमिनीवरच्या चेंबरवरून काढलेल्या नकाशापेक्षा हा नकाशा खरा असतो. दोन्ही एकमेकांवर ठेवा आणि जिथे जुळत नाहीत तिथे चाचणी खड्डा घ्या.

व्हॉल्व्हमन बसलेलाच असेल तर व्हॉल्व्हचीही यादी करून टाका. प्रत्येक व्हॉल्व्ह शोधायचा, चावी लावून पूर्ण बंद करायचा, पूर्ण उघडायचा. निम्मे फिरणार नाहीत. जे फिरत नाहीत ते बदलणं हे तुमच्या संपूर्ण आराखड्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर पावणारं काम आहे. आज एक पाइप फुटला की तुम्ही टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करता आणि अर्धं गाव कोरडं राहतं. मधले व्हॉल्व्ह चालले तर पन्नास घरांचं पाणी जाईल. पाइप तोच, फूट तीच, पण नगरसेवकांचे फोन दहापटीने कमी.

आता दाबनलिका. ती पहिली का?

कारण फुटण्याची शक्यता ही एकच बाजू आहे. फुटल्यावर काय होतं ही दुसरी, आणि दोन्हींचा गुणाकार करून क्रम लावायचा असतो. गल्लीतला ८० मिलीमीटरचा पाइप वर्षात चार वेळा फुटला तर वीस घरांची गैरसोय होते. दाबनलिका चार वर्षांत एकदा फुटली तर साठ हजार माणसं कोरडी. छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. जायकवाडीचं पाणी शहरात आणणाऱ्या ७०० आणि १४०० मिलीमीटरच्या दोन जुन्या वाहिन्यांवर सगळं शहर वर्षानुवर्षं लटकलं होतं. त्या फुटत राहिल्या, नळाला पाणी येण्यातलं अंतर दिवसांवरून आठवड्यावर गेलं, आणि नव्या २५०० मिलीमीटरच्या वाहिनीसह मंजूर झालेली १६८० कोटींची योजना प्रत्यक्षात येण्याआधीच २७४० कोटींवर गेली. ज्या शहरात मलिक अंबरच्या नहरीचं (जमिनीखालच्या कालव्याचं) पाणी शतकानुशतकं उताराने वाहत आलं, तिथली ही गत. जी नलिका एकटी आहे, तिची काळजी ती फुटायच्या आधी घ्यायची असते.

पीएससीचा स्वभाव लक्षात ठेवा. बीडाचा पाइप आधी गळतो, सूचना देतो. पीएससीत काँक्रीटभोवती ताणलेल्या तारा असतात. वरच्या लेपाला तडा गेला, ओल आत शिरली की तारा गंजून एकेक तुटत जातात, बाहेरून काही कळत नाही, आणि मग एक दिवस पाइपाचा मोठा तुकडाच उडतो. शिवाय तो जागेवर कापता येत नाही. बदली पाइप आणि माइल्ड स्टीलचा मेकअप पीस (मधली जागा भरणारा जोडतुकडा) तयार नसेल तर तो बनवून आणेपर्यंत गावाला टँकर. म्हणून या आठवड्यात, आराखड्याबिराखड्याची वाट न बघता, त्या व्यासाचे पाच-सहा पाइप, दोन मेकअप पीस आणि रबर रिंग्ज पंपघराच्या आवारात आणून ठेवा. रिंग्ज उन्हात नको, खोलीत ठेवा. हा खर्च आमसभेत कुणी विचारणारही नाही इतका छोटा आहे.

नंतर अकरा किलोमीटर पायी चाला. उन्हाळ्यात चाला, म्हणजे कोरड्या रानातला हिरवा पट्टा लगेच दिसतो. ओढे-नाल्यांखालून नलिका जाते त्या जागा, सांडपाणी साचतं त्या जागा, काळ्या मातीचे पट्टे आणि रस्ता ओलांडणाऱ्या जागा नकाशावर घ्या. तिथे खड्डे घेऊन लेप हातोडीने हलकेच ठोकून बघा: पोकळ वाजला, किंवा तांबूस डाग उमटलेले दिसले, तर तो तुकडा पहिल्या यादीत. अकरापैकी बहुधा दोन-तीन किलोमीटरच खरे वाईट निघतील. तेवढे आधी बदला, डीआय (न तडकणारं ओतीव लोखंड) किंवा लेपन केलेल्या माइल्ड स्टीलमध्ये, आणि व्यास मात्र पुढच्या तीस वर्षांच्या गरजेचा धरा, म्हणजे उरलेली नलिका यथावकाश बदलताना हे तुकडे वाया जाणार नाहीत.

त्याआधी एक गोष्ट. दाबनलिका केव्हा फुटते एवढंच बघू नका, वीज केव्हा जाते तेही शेजारी लिहा. वीज गेल्यावर पंप थांबतो, पुढे निघालेला पाण्याचा स्तंभ मागे फिरतो आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलट जाऊ न देणारा) आदळतो. तो व्हॉल्व्ह उशिरा मिटत असेल, चढावरचे एअर व्हॉल्व्ह (नलिकेत हवा आत-बाहेर सोडणारे) चोरीला गेले असतील किंवा गळतात म्हणून कुणी डमी ठोकून बंद केले असतील, तर प्रत्येक वेळी नलिकेला घणाचा घाव बसतो. मी अशा ठिकाणी नवा पाइपही फुटलेला पाहिला आहे. वीज गेल्यानंतरच्या तासाभरात फुटी होत असतील तर लाखभराचा एअर व्हॉल्व्ह तुमचे कोट्यवधी वाचवेल.

जाळ्याकडे येऊ. एसी आणि बीड यांच्याबद्दल अंदाजाने बोलायची गरज नाही, तपासायची सोपी रीत आहे. फूट काढताना तुकडा कापावाच लागतो. तो फेकू नका. बीडाच्या तुकड्यावरची माती घासून सुरीने खरवडा. धातू चांगला असेल तर सुरी घसरते. लोह निघून जाऊन नुसतं ग्राफाइट उरलं असेल तर पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी निघते आणि सुरी रुतते. किती मिलीमीटर रुतते ते वहीत लिहा. आतून गाठी वाढून १५० च्या पाइपात हाताची मूठही जात नसेल तर तेही लिहा, कारण तिथे टेल एंडला, म्हणजे लाइनच्या शेवटच्या टोकाला, दाब का नाही याचं उत्तर आहे. एसीच्या तुकड्याची कड ताजी फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब सोडा. शाबूत सिमेंट गुलाबी होतं. पाण्याने चुना खाऊन टाकलेला भाग रंगत नाही. पंधरा मिलीमीटर जाडीत आतून-बाहेरून मिळून नऊ-दहा मिलीमीटर पांढरे राहिले तर त्या लाइनकडून काही अपेक्षा ठेवू नका. दोन-तीनच निघाले तर तिला अजून बराच काळ हात लावू नका. बाटलीभर द्रावण कुठल्याही प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळतं. फक्त एसी पाइप कोरडा असताना ग्राइंडरने कापू देऊ नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ओला करून, हातकरवतीने, तोंडाला नीट मास्क लावून. बदलताना जुना एसी उकरून काढूही नका, बंद करून जमिनीतच ठेवा.

आता पैशाचं गणित, जे मला वाटतं सगळ्यात कमी लोक मांडतात. समजा १५० मिलीमीटरची लाइन बदलायला किलोमीटरला ४० लाख लागतात. ५० वर्षं आयुष्य आणि ८ टक्के व्याज धरलं तर त्याचा वर्षाचा हप्ता पडतो सुमारे ३ लाख २७ हजार. एका फुटीची दुरुस्ती, खणण्यापासून रस्ता बुजवण्यापर्यंत, २५ हजार धरा. म्हणजे एका किलोमीटरवर वर्षाला तेराच्या वर फुटी होईपर्यंत नुसत्या दुरुस्तीच्या खर्चावर बदलणं परवडतच नाही! तुमचे दर टाकून बघा, आकडा थोडा हलेल, सूर तोच राहील. इतक्या फुटणाऱ्या लाइन गावात फार तर चार-दोन असतात. मग बाकीच्या बदलण्याचं समर्थन कशावर करायचं? ते करायचं असतं तीन गोष्टींवर: घाण पाणी आत शिरण्याचा धोका, वाया जाणारं शुद्ध पाणी आणि त्यावरची वीज, आणि दाब न मिळणं. यातल्या एकीनेही ती लाइन दोषी ठरत नसेल तर क्लॅम्प मारा आणि पुढे चला.

घाण पाण्याचा धोका मी पहिला लिहिला तो मुद्दाम. एक दिवसाआड पाणी म्हणजे तुमची लाइन अठ्ठेचाळीस तासांपैकी बहुतेक वेळ रिकामी. रिकाम्या पाइपाला भोक असेल तर बाहेरची गटार आत येते, आणि पुढच्या पाण्याबरोबर पहिल्या घरात जाते. 'पहिली दहा मिनिटं गढूळ येतं, मग चांगलं येतं' ही तक्रार ऐकून आपण 'थोडं पाणी सोडून द्या' म्हणतो. ती तक्रार म्हणजे त्या गल्लीचा एक्स-रे आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ आली ती विसरू नका, आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हाही संशय पाण्याकडेच गेला होता. आरोग्य विभागाकडून मागच्या तीन वर्षांतल्या अतिसार आणि काविळीच्या रुग्णांचे पत्ते घ्या, रोजच्या ओटी टेस्टची (नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरलं याची) वही घ्या आणि दोन्ही नकाशावर टिंबांनी मांडा. टाकीजवळ क्लोरीन मिळतं आणि टेल एंडला ०.२ पीपीएमही (लिटरमागे ०.२ मिलीग्रॅम) मिळत नाही अशा गल्ल्या आणि रुग्णांचे पत्ते जिथे एकावर एक येतील, ती तुमची बदलायची पहिली लाइन. फुटींची संख्या तिथे कमी असली तरी.

आणि तिथे खणाल तेव्हा मुख्य पाइप पुष्कळदा ठणठणीत निघेल. सडलेली निघेल ती घरजोडणी. अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, गटारीच्या तळातून किंवा भिंतीतून गेलेला, जागोजागी चाळणी झालेला. आपल्या गावांत गळतीचा आणि दूषित पाण्याचा मोठा हिस्सा इथेच असतो, आणि ८४ किलोमीटरच्या प्रकल्प अहवालात घरजोडणीची तरतूद शोधायला गेलात तर बहुधा 'लाभार्थ्याने स्वखर्चाने' अशी एक ओळ सापडेल. लाभार्थी स्वखर्चाने करत नाही. नवा डीआय पाइप टाकून त्याला जुनी जीआय जोडणी जोडली की पैसे गेले, गळती राहिली. माझं ठाम मत आहे की मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतचा तुकडा नगरपरिषदेने स्वतःच्या खर्चाने, एकाच ठेकेदाराकडून, सॅडल (मुख्य पाइपावर बसणारा जोडपट्टा) आणि एमडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप वापरून, गटारीच्या वरून किंवा केसिंगमधून (बाहेरच्या संरक्षक पाइपातून) बदलून द्यावा. नियमावलीत मालकी कुणाची हा प्रश्न निघेल. ठराव करून घ्या. त्याच वेळी अनधिकृत जोडण्या दंडाशिवाय, नाममात्र शुल्कात नियमित करा. खणताना त्या दिसणारच आहेत, आणि फेरूल (मुख्य पाइपातून जोडणी घ्यायची तोटी) न बदलता तशाच सोडल्या तर तुमचंच काम पाण्यात. घरोघरचे मोटर पंप मात्र नियमाने जाणार नाहीत. शेवटच्या घराला दाब मिळाला की ते आपोआप अडगळीत पडतात, तोवर जप्तीची मोहीम म्हणजे फोटोपुरतं काम.

गळती मोजायची कशी? फ्लोमीटर हवेतच: जॅकवेलला, शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर पडताना आणि प्रत्येक टाकीच्या आउटलेटला. ते येईपर्यंत टाकीच मीटर म्हणून वापरा. १२ मीटर आतल्या व्यासाच्या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर चढली की ११३० लिटर आले. आउटलेट बंद करून पंपिंग सुरू ठेवा, तासात किती सेंटिमीटर चढलं ते पट्टीवर बघा आणि शुद्धीकरण केंद्रातून त्या तासात किती पाणी निघालं त्याच्याशी ताडून पाहा. रात्री इनलेट-आउटलेट दोन्ही बंद करून सकाळी पातळी बघा. उतरली असेल तर टाकी गळते किंवा व्हॉल्व्ह पाणी सोडतो. एका पैशाचं साहित्य लागत नाही, आणि प्रकल्प अहवालातल्या '४० टक्के गळती' या कुठून तरी उचललेल्या आकड्याच्या जागी तुमचा स्वतःचा आकडा येतो.

पंपांबद्दल फार बोलत नाही. त्यांचं गणित सरळ आहे. रोज एक कोटी लिटर पाणी ६० मीटर उंचीला चढवायला, पंप-मोटर मिळून कार्यक्षमता ७० टक्के असेल तर सुमारे २३४० युनिट लागतात, ५० टक्क्यांवर आली असेल तर ३२७०. आठ रुपये युनिट धरा, वर्षाला सत्तावीस लाखांचा फरक. ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्या आणि कार्यक्षमता ढासळली असेल तर पंप बदलण्यासाठी कुणाच्या अनुदानाची वाट बघू नका. वीजबिलातून तो स्वतःचे पैसे फेडतो. दोन अटी: स्टँडबाय खरोखर चालणारा हवा, आणि नव्या दाबनलिकेचं संकल्पन ठरल्यावर पंप निवडा, आधी नाही.

अध्यक्षांची टाकी. टाकी दिसते, उद्घाटन होतं, कोनशिलेवर नाव येतं. जमिनीखालचा पाइप कुणाला दिसत नाही. म्हणून ही मागणी सगळीकडे असते आणि तिच्यावर हसण्यात अर्थ नाही. त्यांना एवढंच विचारा की आज असलेल्या टाक्या पूर्ण भरतात का. दाबनलिकेतून पाणीच कमी येत असेल तर नवी टाकी भरायची कशाने? असलेल्या टाकीचं संरचनात्मक लेखापरीक्षण मात्र जरूर करा, चाळीस वर्षांच्या टाकीत छताच्या खालच्या बाजूच्या सळया क्लोरीनच्या वाफेने आधी जातात. स्लॅब बदलून टाकी वाचते, हे पुष्कळ वेळा.

आराखडा पाच वर्षांचा करा आणि दरवर्षी जानेवारीत, अंदाजपत्रकाआधी, पुन्हा हाती घ्या. ८४ किलोमीटरमधलं वर्षाला एकच किलोमीटर बदललं तर शेवटचा पाइप ८४ वर्षांनी हाती येईल. दोन किलोमीटर बदलले तर ४२. म्हणून दीड ते दोन किलोमीटर, दरवर्षी, न चुकता, नगरपरिषदेच्या स्वतःच्या पैशातून. एका फटक्यात सगळं बदललं की सगळं एकाच वेळी म्हातारंही होतं, आणि तीस-चाळीस वर्षांनी तुमच्या खुर्चीवर बसलेला माणूस हाच प्रश्न विचारेल.

त्या वर्षीचे दोन किलोमीटर कुठले, हे ठरवताना बांधकाम विभागाची रस्त्यांची यादी आधी मागून घ्या. जो रस्ता काँक्रीटचा होणार आहे, त्याखालची लाइन तुमच्या क्रमवारीत पंधरावी असली तरी तिला पहिल्या पाचांत आणा. काँक्रीट झाल्यावर ती फोडायला परवानगीही मिळत नाही आणि फोडली तर शिव्या मिळतात. रुंद रस्ता असेल तर दोन्ही कडांना दोन छोट्या लाइन टाका, प्रत्येक घरासाठी रस्ता कापावा लागत नाही. आणि जिथे आडवं जावंच लागेल तिथे काँक्रीटआधी रिकामे केसिंग पाइप टाकून ठेवा. ठेकेदार फार तर कुरकुर करेल.

अनुदानाचं सांगायचं तर ते नव्या योजनेला सहज मिळतं, जुन्या योजनेच्या डागडुजीला मिळत नाही. म्हणून गावं डागडुजी थांबवून योजना मोडायची वाट बघतात. केंद्राची अमृत योजना असो की राज्याची नगरोत्थान, दाबनलिका आणि शुद्धीकरण केंद्र यांसारखी मोठी, एकगठ्ठा कामं तिकडे टाका. पंधराव्या वित्त आयोगाने तुमच्यासारख्या शहरांना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. अशा बंधित निधीतून फ्लोमीटर, व्हॉल्व्ह, घरजोडण्या ही किरकोळ दिसणारी पण उपयोगी कामं सुटतात. जाळ्याचे दरवर्षीचे दोन किलोमीटर पाणीपट्टीतूनच यायला हवेत. त्यासाठी लेख्यांत घसारा (मालमत्तेची दरवर्षीची झीज) नुसता दाखवून भागत नाही, तेवढी रक्कम वेगळ्या बँक खात्यात पडली पाहिजे, नाहीतर ती पगारात जाते. पाणीपट्टी वाढवायला सभागृह तयार नसतं, हे मला माहीत आहे. कराडजवळच्या मलकापूरने आधी मीटर बसवले, चोवीस तास पाणी दिलं, जास्त वापराला चढा दर लावला, आणि लोकांनी तो भरला. पाणी देण्याआधी दर वाढवायला निघालात तर मोर्चा येईल. एक झोन, म्हणजे स्वतंत्र पुरवठ्याचा भाग, निवडा, सहाशे-सातशे घरांचा, तिथे घरजोडण्यांसकट सगळं नीट करा, मीटर लावा, रोज पाणी द्या. मग दुसऱ्या प्रभागांचे नगरसेवकच तुमच्या दारात येतील.

झोन करताना एकच खबरदारी. त्याच्या सगळ्या सीमा खरोखर बंद आहेत ना, ते शून्य दाबाच्या चाचणीने तपासा: झोनचा इनलेट बंद करा, आत नळ उघडा, दाब शून्यावर आला पाहिजे. आला नाही तर कुठून तरी जुनी, कुणाला माहीत नसलेली जोडणी पाणी आणते आहे. व्हॉल्व्हमनला पुन्हा चहाला बोलवा.

आता जे काम जवळजवळ प्रत्येक गावात अर्धवट राहतं ते. नवी लाइन टाकली जाते, चाचणी होते, फोटो निघतात, बिल निघतं. जुनी लाइन मात्र चालूच राहते, कारण त्यावरच्या तीस जोडण्या अजून हलवलेल्या नसतात, कुणी घरी नसतं, कुणी भांडतं, ठेकेदाराला घाई असते. मग दोन्ही लाइनमध्ये पाणी सोडावं लागतं. गळती होती तेवढी राहते, वर नव्या जोडांची भर पडते, आणि वर्षभराने सगळे म्हणतात की नवा पाइप टाकूनही फरक पडला नाही. माझ्या पाहण्यात फसलेल्या नूतनीकरणाचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, पाइपाच्या दर्जापेक्षाही मोठं.

म्हणून निविदेतच लिहा. काम गल्लीगणिक मोजायचं, मीटरगणिक नाही. गल्ली पूर्ण झाली याचा अर्थ: नवी लाइन दाबचाचणीत उतरली, क्लोरीनने धुतली, प्रत्येक जोडणी हलवली, जुन्या लाइनचं तोंड मुख्य वाहिनीवरच कापून एंड कॅप लावली, जुने व्हॉल्व्ह काढून भांडारात जमा केले, आणि नव्या लाइनचा नकाशा खोली व कोपऱ्यापासूनच्या अंतरांसह दिला. कॅप लावलेल्या खड्ड्याचा, बुजवायच्या आधीचा फोटो मोजमाप पुस्तिकेला जोडायचा. हे सगळं झाल्याशिवाय त्या गल्लीच्या देयकाचा शेवटचा तीस टक्के हिस्सा सोडू नका, आणि निविदापूर्व बैठकीत ठेकेदारांना ही अट तोंडी वाचून दाखवा, म्हणजे ते दर त्याप्रमाणे भरतील आणि मागाहून तक्रार उरणार नाही.